एकटीने बघायचा नव्हता तो पक्षी

टूसॉन, ॲरिझोना
शनिवार, १७ मे १९९७

प्रतिमे,

रागावले आहे, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र जरा माणसात येऊन लिहिता येईल. विमान सुटायच्या आदल्या संध्याकाळी कुणी असा फोन करतं का? "यार, आमचं सॉफ्टवेअर रिलीज पुढे आलंय, मॅनेजर सोडत नाहीये, मी कॅन्सल केलं." एवढ्यात तू आपली वर्षभराची तयारी गुंडाळलीस आणि वर मलाच म्हणालीस, "तू जा गं, मजा कर." मला हायवेवर गाडी चालवायची किती भीती वाटते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? ठरलं होतं काय, तर गाडी तू चालवायची आणि नकाशा मी बघायचा. आता नकाशा शेजारच्या सीटवर पडलाय आणि त्याच्याकडे मान वळवायची माझी हिंमत होत नाही. ॲन आर्बरचं बर्फ वितळल्यावर मिळालेलं माझं ते कोवळं लायसन्स. विमानतळापासून मोटेलपर्यंत मी स्टिअरिंगला लोंबकळत आले. अमेरिकेत कुणी हॉर्न वाजवत नाही असं म्हणतात, त्यांनी माझ्या मागून गाडी चालवलेली नाही.

पण आले. प्रोफेसरांच्या लॅबमधल्या उंदरांना आठवडाभर दुसऱ्यांच्या हवाली करून आले. न येऊन काय करणार होते, खोलीत बसून तुला शिव्याच दिल्या असत्या. त्या इथे उन्हात बसून देते. ऊन आपल्या नागपूरच्या मेसारखंच आहे, फक्त घाम येत नाही, अंगावरच वाळतो. मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे नुसती वाळू. तर इथे तीन-चार पुरुष उंचीचे निवडुंग हात वर करून उभे, आणि मोटेलच्या दारातच एका निवडुंगाच्या भोकात सुतार पक्ष्याचा संसार. तुला आवडलं असतं.

आपले ठरलेले पक्षी मी बघणार आहे. ते चिमुकलं एल्फ आउल, ग्रे हॉक, पेंटेड रेडस्टार्ट, जमलं तर डोंगरावरचा लाल तोंडाचा वॉर्बलर. ज्याच्यासाठी ही सगळी सहल, तो ट्रोगन मात्र बघणार नाही. पोर्टलच्या दरीत जाईन, कारण बुद्धपौर्णिमेला तिथे असायचं असं दोघींनी ठरवून तारखा काढल्या होत्या. पण तो ओरडला की डोळे मिटून घेईन. आपलं ठरलेलं आहे, मोठा पक्षी एकटीने बघायचा नाही. तू हसशील, पण हे ठरवलं कुणी होतं? मी तापाने फणफणले होते तेव्हा अंबाझरी तलावावर तो मासेमार कैकर आला, आणि तू महिनाभर तळ्याकडे पाठ करून बसलीस. तुझे बाबा म्हणायचे, "अगं बघ, मासा घेऊन चाललाय," आणि तू म्हणायचीस, "उपासनाला उठू द्या." काकांनी ही गोष्ट आपल्या अख्ख्या इंदोरा वस्तीला सांगितली आहे. मी ती विसरेन असं वाटलं का तुला?

आईने विणलेला निळा गोफ माझ्या दुर्बिणीला आहे. तुझा बिचारा तिकडे खुंटीवर लटकत असेल.

पत्र नेहमीसारखं तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते. तुझ्या हर्नडनच्या अपार्टमेंटच्या पेटीतून म्हणे पत्रं हरवतात, आणि घरी फोन करावा तर तुझी ती रूममेट आसावरी कायम झोपलेली असते. कुठल्या गुहेत राहतेस कुणास ठाऊक.

रागावलेली, तरी तुझीच,
उपासना


मडेरा कॅन्यन
रविवार, १८ मे

प्रतिमे,

राग थोडा उतरला. कारण ऐक.

इथे दरीत ओक आणि सिकॅमोरची दाट झाडी आहे, खाली वाळवंट आणि वर असा गारवा. जिथे राहिले त्या लॉजची मालकीण लॉइस नावाची आजी आहे. डोक्यावर पुरुषी हॅट, आणि पाहुण्यांना शाळेतल्या पोरांसारखं दामटते. संध्याकाळी तिने आम्हाला सगळ्यांना एका लाकडी खांबासमोर खुर्च्या टाकून बसवलं आणि बोलायचं नाही म्हणून सांगितलं. खांबाला वर एक भोक. उजेड कमी झाला तसं त्या भोकात एक तोंड आलं. घुबड म्हणायचं त्याला? माझ्या मुठीत मावलं असतं. भुवया अशा चढवलेल्या की आपल्या गणिताच्या बाईच. इकडे-तिकडे बघितलं, आणि आवाज न करता निघून गेलं. मी इतकी खूश झाले की शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला. त्यानेही धरू दिला.

आता खरी बातमी. लॉइस मला म्हणाली, "तुम्हा इंडियन लोकांना हे घुबड फार आवडतं वाटतं. दोन आठवड्यांपूर्वी तिघं आले होते. दोन मुली, एक मुलगा. घुबड बाहेर आलं की 'बघ, बघ' करायचे. मला वाटलं तुमच्या भाषेत घुबडाला बघ म्हणतात." मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले. मराठी माणसं, प्रतिमा. इथे, या दरीत, पक्षी बघायला. मराठी माणूस अमेरिकेत नायगारा बघतो, डिस्नेलँड बघतो, आणि नंतर नातेवाइकांना त्याचे फोटो दाखवतो. पक्षी बघणाऱ्या वेड्या आपण दोघीच असं मी समजत होते. लॉइस म्हणाली, त्यांतली एक मुलगी फार तयार होती, बाकीच्या दोघांना तीच सगळं दाखवत होती, झाडात पक्षी कुठे आहे ते फांद्या मोजून सांगत होती.

तुझ्या मराठी मंडळाच्या लोकांत चौकशी कर ना. कुणी तरी माहितीतलेच निघतील. त्या मुलीला भेटायला मला आवडेल. फांद्या मोजून सांगते म्हणजे आपल्यातलीच म्हणायची.

रेडस्टार्टही दिसला. काळा-पांढरा-लाल, पंख्यासारखं शेपूट पसरत खोडावर नाचत होता. उद्या गाडी घेऊन पॅटागोनियाकडे. आज घाटात एकदाही डोळे मिटले नाहीत, हे काकांना कळवायला हरकत नाही.

तुझी,
उपासना


पॅटागोनिया
मंगळवार, २० मे

प्रतिमा,

एक साधं विचारते, साधं उत्तर दे. तुझी दुर्बीण तू कुणाला दिली होतीस का?

इथे रस्त्याच्या कडेला सिकॅमोरखाली लोक गाड्या थांबवून पक्षी बघत बसतात. हॅल नावाचा एक निवृत्त मास्तर घडीच्या खुर्चीवर दिवसभर बसलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला पक्षी दाखवतो. त्याने मला ग्रे हॉक दाखवला. राखाडी शिकारी पक्षी, ओढ्यावरच्या उंच झाडावर, छाती पुढे काढून बसलेला. मी बघत होते आणि हॅल माझ्या गळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "हा पट्टा कुठे मिळतो? दोन आठवड्यांपूर्वी एका इंडियन मुलीकडे असाच होता. मी बायकोसाठी मागितला तर म्हणाली, हा एकच आहे."

निळा, चार पदरी, टोकाला आईची ती उलटी गाठ. आईने दोनच केलेत, जगात तिसरा नाही.

हॅलला मी विचारलं, कशी होती मुलगी? तो म्हणाला, उंच, केस आखूड, हसताना तोंडावर हात धरते.

हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुली पुष्कळ असतात. दुर्बीण तू कुणाला तरी उसनी दिली असशील, त्यांनी ती इकडे आणली असेल, आणि तू मला सांगायचं विसरली असशील. तू ऑफिसात अडकलेली आहेस, रिलीज आहे. असंच असणार. मी दुपारभर ओढ्याकाठी बसून हे सगळं स्वतःला समजावत होते. लोक रोझ-थ्रोटेड बेकार्ड बघायला धावत होते, माझ्या डोक्यावरच बसला होता म्हणे. मी वर बघितलंच नाही.

दुर्बीण दिली होतीस, एवढं एक वाक्य लिही. मी मानेन.

उपासना


सिएरा व्हिस्टा
बुधवार, २१ मे

प्रतिमा,

तुझ्या उत्तराची वाट बघायची गरज उरली नाही. ते मला आसावरीने दिलं.

संध्याकाळी पेट्रोल पंपाबाहेरच्या फोनवरून तुझ्या घरी फोन केला. करू नकोस असं तू शंभरदा सांगितलं असूनही केला. आसावरी जागी होती. पुण्याची, मोकळी, गप्पिष्ट मुलगी आहे. ती कायम झोपलेली असते हे मी इतके दिवस खरं मानलं.

"प्रतिमा आणि सिद्धेश मूव्हीला गेलेत. आपण कोण?"

मी म्हटलं, "उपासना."

"अय्या, ॲन आर्बरच्या उपासना? अहो, तुमचा किती उपयोग झाला आम्हाला. ॲरिझोनाचं सगळं प्लॅनिंग तुमचंच ना? कुठे राहायचं, कुठल्या झाडाखाली थांबायचं, सगळं प्रतिमाने तुमच्याकडून लिहून घेतलं होतं. तुम्ही पण यायच्या होतात, पण तुम्हाला बरं नव्हतं म्हणाली. आता कशी आहे तब्येत?"

मी म्हटलं, तब्येत बरी आहे. मग विचारलं, तिचं रिलीज कसं चाललंय.

"रिलीज? ते तर मार्चमध्येच झालं. सध्या आरामच आहे तिला."

तरी मी फोन ठेवला नाही. माणसाला आणखी मार खायची हौस असते. मी विचारलं, "ट्रोगन दिसला का तुम्हाला?"

"दिसला ना. प्रतिमानेच शोधून दिला. सिद्धेशने तिथेच, त्या झाडाखाली तिला विचारलं. म्हणजे प्रपोजच केलं हो. तुम्हाला सांगितलं नाही तिने? आणि ती दुर्बीण पण काय गोड आहे तिची. तो निळा पट्टा तिने कुठल्या एक्झिबिशनमधून घेतला म्हणे."

एक्झिबिशन. माझ्या आईने आमच्या ओसरीत बसून, पायाच्या अंगठ्याला सूत अडकवून तो विणला. तू शेजारी बसून तिला चहा दिलास, आणि तुझा आधी करावा म्हणून तिच्या मागे लागलीस. तिने तुझाच आधी केला.

मग आसावरीने विचारलं, "बाय द वे, तुमचं आडनाव काय हो? प्रतिमा नुसतं उपासनाच म्हणते."

"गजभिये."

"अच्छा."

तो 'अच्छा' तुला वेगळा सांगायला नको. शाळेत, होस्टेलवर, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत आपण तो ऐकलाय. माणूस वाईट नसतं, आवाजही तोच राहतो, फक्त त्यात एकदम काळजी येते, की आता काही चुकीचं बोलायला नको. त्यानंतर ती माझ्याशी फार गोड बोलायला लागली. "तुम्ही आणि प्रतिमा शाळेत एकत्र होतात का?" मी म्हटलं, हो. एकाच गल्लीत वाढलो हे मी गिळलं. मी, प्रतिमा. मी, जी मंडळाच्या स्टेजवरून जयभीम म्हणून भाषण सुरू करते, ती मी तिथे पंपावर उभी राहून आपली गल्ली लपवत होते. तुझ्यासाठी.

"नाही, विचारते एवढ्यासाठी," ती म्हणाली, "सिद्धेश माझा सख्खा भाऊ. आमची आई पुण्याहून सारखी विचारत असते, नागपूरकर म्हणजे मूळचे कोण? आम्ही काही मानत नाही हो. पण आईची पिढी, तुम्हाला माहीतच आहे. प्रतिमाला विचारलं की ती हसण्यावारी नेते. आम्हीही ताणत नाही. मागे कुणी नाही ना बिचारीला."

नागपूरकर. तेव्हा पहिल्यांदा कळलं की तू तिथे नागपूरकर हे आडनाव लावतेस.

मी विचारलं, "कुणी नाही म्हणजे?"

"आईवडील. लहानपणीच गेले ना दोघं, ॲक्सिडेंटमध्ये. तुम्हाला माहीत असेल की."

पंपावर एक ट्रक उभा होता, त्याचं इंजिन इतकं धडधडत होतं की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिला परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं, जरा हळू, दुःखाने, जसं सांगायचं असतं तसं.

प्रल्हाद रामटेके गेले. रत्ना रामटेके गेल्या. तू त्यांना ॲक्सिडेंटमध्ये मारलंस. मागच्या महिन्यात चौदा एप्रिलला मी नागपूरला फोन केला तेव्हा काका दीक्षाभूमीवरून नुकतेच आले होते, दम लागला होता, तरी मला विचारत होते, "आमच्या बाईला तिकडे खायला-प्यायला मिळतं का नीट? ती फोनवर घाईतच असते." मी म्हटलं होतं, काळजी करू नका, मी आहे ना. असं मी म्हटलं होतं.

आसावरीला मी म्हणाले, "आहेत. दोघंही आहेत. काका रोज सकाळी अंबाझरीला पक्षी बघायला जातात. पक्षी बघायला आम्हाला त्यांनीच शिकवलं."

आसावरीने दोनदा 'आहेत?' म्हणून विचारलं. मग, "पण मग ती असं का म्हणाली?"

"ते तिलाच विचारा. आणि आडनावही तिलाच विचारा."

आणि मी फोन ठेवला.

माझ्या तोंडून तुझं आडनाव गेलं नाही, हे लिहून ठेवते. आसावरी बावळट नाही, गजभियेची शाळेतली मैत्रीण म्हटल्यावर तिने काय जुळवायचं ते जुळवलं असेल, पण ते मी सांगितलेलं नाही. नाव तुझं आहे, त्याचं काय करायचं ते तू कर. जिवंत माणसांना मात्र मेली म्हणायला मला जमलं नाही. जमवायची इच्छाही नव्हती. तुझं लग्न मोडलं तर मोडो, असं तेव्हा वाटलं. आता लिहितानाही वाटतंय. उद्या वाटेल की नाही, माहीत नाही.

नाव का लपवावंसं वाटतं, ते मला तू समजावायची गरज नाही. मलाही वाटलंय. ॲन आर्बरला पहिल्या वर्षी एका काकूंनी स्वयंपाकघरात मला भांड्याला हात लावू दिला नव्हता, पाहुणी आहेस म्हणाल्या, आणि बाकीच्या पाहुण्यांना मात्र पोळ्या लाटायला बसवलं. तुला रात्रभर फोनवर रडून सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, "सोड त्यांना, आपण दोघी आहोत ना." म्हणून सांगते, नुसतं नाव लपवलं असतंस तर मी रागावले असते, भांडले असते, आणि गप्प बसले असते. पण तू मला लपवलंस. मला ऑफिसच्या पत्त्यावर ठेवलंस. माझ्या बोलण्याला घाबरून नव्हे. मी तोंडही उघडलं नसतं, पण माझं आडनाव बोललं असतं.

आणि कैकरासाठी महिनाभर पाठ करून बसणारी मुलगी ती तूच होतीस का, हे मला आज खरंच कळत नाही.

उपासना


पोर्टल
गुरुवार, २२ मे, बुद्धपौर्णिमा

प्रतिमा,

सकाळी खोलीत मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. एकटीचा आवाज कसा तरीच वाटला. आपण दोघी म्हणायचो तेव्हा तू नेहमी पुढे पळायचीस आणि मी मागून गाठायचे. आज कुणाला गाठायचं नव्हतं.

रस्ता वाईट होता, धुळीचा, मैलोन् मैल घर नाही. मी चालवला. भीती वाटली नाही, कारण डोक्यात दुसरं काही मावतच नव्हतं. दरीच्या तोंडाशी तांबडे कडे उभे आहेत, खाली ओढा, त्यावर सिकॅमोर. एक म्हातारं जोडपं परत येत होतं, त्यांनी विचारलं, "ट्रोगन?" मी मान हलवली. त्यांना वाटलं मी हो म्हणते, त्यांनी मला पुढच्या वळणावरचं झाड सांगितलं.

मी न बघायचं ठरवलं होतं, ते मोडायला गेले नव्हते. खरं तर कशाला गेले होते ते मलाही सांगता येणार नाही. ओढ्याकाठी एका दगडावर बसले. आवाज आला. कोरडा, घोगरा, बेडकाला सर्दी झाल्यासारखा, आणि पुन्हा पुन्हा. डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढे काय आलं, तर त्याच झाडाखाली तू, तो सिद्धेश तुला विचारतोय, आणि तू तोंडावर हात धरून हसतेयस. तेव्हा वाटलं, मी डोळे कुणासाठी मिटलेत? ती तर बघून गेली.

मी डोळे उघडले. तो समोरच होता, खालच्या फांदीवर, माझ्याकडे पाठ करून. हिरवी पाठ, लांब तांब्याच्या रंगाची शेपटी, अजिबात हलत नव्हता. मग त्याने नुसतं डोकं फिरवलं. पिवळी चोच, डोळ्याभोवती नारिंगी कडं. मग सगळाच वळला, आणि पोटाचा तो लाल. मी त्याचं चित्र इतक्यांदा बघितलंय की मला वाटलं होतं मला ओळखीचं वाटेल. नाही वाटलं. चित्रातला लाल आणि हा लाल यांचा काही संबंध नाही. तो बसला होता तोवर मी बघत होते. दुर्बीण खाली घेतली नाही, हात दुखायला लागले तरी.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ."

मोठ्याने निघालं. पक्षी उडाला. मी दगडावर बसून रडले, ते लिहायला लाज वाटत नाही. तुझ्यासाठी रडले नाही. इतक्या वर्षांची सवय, शेजारी कुणी आहे असं धरून बोलायची, ती अजून माझ्या तोंडात आहे, आणि ती कशी घालवायची ते मला माहीत नाही, म्हणून रडले.

आता शेवटचं. तू लग्न कर. तो मुलगा बरा असेल, आसावरीवरून तरी वाटतं. तुझ्या तोंडून तुझं खरं नाव ऐकूनही तो राहिला, तर मला आनंद होईल, दुरून. न राहिला तर तो गेला हे बरंच झालं असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. मला बोलवू नकोस. बोलावलंस तर मी गजभिये म्हणून येईन आणि काका-काकूंच्या शेजारी बसेन, आणि त्यांना बोलावलेलं नसेल तर येणार नाही.

कालचं आणि आजचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकत नाही. पाकीट हातात घेतलं तेव्हा कळलं की ऑफिसचा पत्ता का होता. व्हिसा आणि पगार रामटेकेच्या नावाने, घर आणि सासर नागपूरकरच्या. तिथे पाठवलं तर तू जेवणाच्या सुट्टीत वाचशील, फाडून टोपलीत टाकशील, हात धुशील आणि संध्याकाळी नागपूरकर होऊन घरी जाशील. ते मला नको आहे. हर्नडनच्या घरी पाठवावं तर पाकिटावर तुझं कुठलं तरी एक नाव लिहावं लागेल. एक लिहिलं तर आसावरीच्या हातात तुझं गुपित, दुसरं लिहिलं तर तुझ्या खोटेपणावर माझी सही. दोन्ही मी करणार नाही.

म्हणून पोर्टलच्या या एवढ्याशा पोस्टातून हे पाकीट इंदोऱ्याला, तुझ्या घरी पाठवतेय. काका ते उघडणार नाहीत, दुसऱ्याचं पत्र उघडणारी ती माणसं नव्हेत. ते तुला फोन करतील. "बाई, उपासनाने तुझं पत्र इकडेच टाकलंय, ठेवून दिलंय," म्हणतील. वाचायचं असेल तर जाऊन घे. जायचं नसेल तर ते तिथे राहील.

पाकिटावर नाव मी मोठ्या अक्षरांत लिहितेय, काकांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून: कु. प्रतिमा प्रल्हाद रामटेके.

उपासना गजभिये